वाढत्या अंगाचा बूट नको: शाळकरी मुलांचे पाय आणि त्यांची पायताणं

जून उजाडला की वह्या, दप्तर, रेनकोट आणि बूट अशी सगळी खरेदी एकाच फेरीत उरकली जाते. बुटांची पाळी शेवटी येते आणि तोवर सगळे दमलेले असतात. दुकानदार अंगठ्याने बुटाचं पुढचं टोक दाबतो, "वर्षभर बघायला नको" म्हणतो, आणि गणवेशासारखा बूटही वाढत्या अंगाचा घेतला जातो. शर्ट ढगळ असला तर फार तर वाईट दिसतो. बूट ढगळ असला तर पाऊल आत पुढेमागे सरकतं, टाच घासून फोड येतात, बूट निसटू नये म्हणून मूल बोटं आवळून चालतं आणि पळताना तोंडघशी पडतं. तोच बूट पुढच्या जूनपर्यंत ओढला की नेमका उलटा त्रास सुरू होतो. बोटं दुमडतात, अंगठ्याचं नख मांसात शिरतं, करंगळीवर घट्टा पडतो.

आधी वाढीचा हिशेब समजून घ्या. प्राथमिक शाळेच्या वयात पाऊल वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. पहिली-दुसरीत थोडं जास्त, पुढे थोडं कमी, आणि वयात येताना पुन्हा झपाट्याने. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो. म्हणजे वर्षाला एक नंबर, कधी त्याहून किंचित जास्त. नव्या बुटात बोटांपुढे १२ मिलिमीटर मोकळी जागा असेल, तर जूनमध्ये घेतलेला बूट दिवाळीपर्यंत छान बसतो आणि फेब्रुवारीत पुढची जागा पाचेक मिलिमीटरवर येते. पाचाच्या खाली गेली की बूट आखूड झाला असं समजा. १२ मिलिमीटर म्हणजे मोठ्या माणसाच्या करंगळीची रुंदी. त्याहून जास्त जागा ठेवून काही वाचत नाही, फक्त पाऊल घसरतं.

मूल स्वतःहून "बूट चावतो" म्हणेल यावर विसंबू नका. या वयात पावलातली हाडं पूर्ण टणक झालेली नसतात, बराच भाग कूर्चेचा असतो. त्यामुळे बोटं आखूड बुटात फारशी न दुखता दुमडून बसतात. त्यात नवा बूट आवडलेला असेल तर तो लागतोय हे मूल कबूलच करत नाही. म्हणून विचारण्यापेक्षा मोजावं.

माप कसं घ्यायचं

माप संध्याकाळी घ्या. दिवसभर उभं राहून, खेळून पाऊल थोडं फुगलेलं असतं आणि बूट त्याच पावलाला बसायला हवा. शाळेत जे मोजे घालणार तेच पायात असू द्या. भिंतीला लागून जमिनीवर कोरा कागद ठेवा, त्यावर मुलाला उभं करा आणि टाच भिंतीला हलकीच टेकू द्या. वजन दोन्ही पायांवर सारखं हवं. बसवून घेतलेलं माप कमी भरतं, कारण वजन पडल्यावर पाऊल लांब आणि रुंद होतं. मूल खाली वाकून बघायला लागलं तर टाच भिंतीपासून सुटते, म्हणून त्याला समोर बघायला सांगा.

सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिल अगदी उभी धरून खूण करा. लांब बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळ मुलांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. पेन्सिल तिरकी झाली तर माप तीन-चार मिलिमीटरने चुकतं. भिंतीपासून खुणेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. दोन्ही पायांचं माप घ्या आणि मोठं असेल ते धरा. दोन पावलांत थोडा फरक बहुतेकांना असतो.

आता जाड पुठ्ठ्याची दीड-दोन सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. तिची लांबी म्हणजे पावलाचं माप अधिक १२ मिलिमीटर. पुढचं टोक कात्रीने गोल करा. पाऊल १९० मिलिमीटर असेल तर पट्टी २०२ मिलिमीटरची होईल. ही पट्टी दुकानात न्या आणि प्रत्येक बुटात टाचेपासून टोकापर्यंत सरकवून बघा. न वाकता सपाट बसली आणि पुढे फारशी हलली नाही, तर लांबी बरोबर. वाकली तर बूट आखूड. पुढे बोटभर सरकली तर मोठा. दोन्ही पायांचे बूट तपासा.

एवढा खटाटोप करायचं कारण, नंबरावर भरवसा ठेवता येत नाही. वरच्या उदाहरणात मुलांचा १२ नंबर निघायला हवा, युरोपियन मापात ३० ते ३१. प्रत्यक्षात एका कंपनीचा बारा दुसऱ्या कंपनीच्या साडेअकराएवढा निघतो. शिवाय मुलांचे नंबर तेरापर्यंत जाऊन पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे ऑनलाइन मागवताना तिथेही घोटाळा होतो. ऑनलाइन घेणार असाल तर नंबर न बघता पानावर बुटाची आतली लांबी दिली आहे का ते शोधा.

टोक अंगठ्याने दाबून बघण्याची पद्धत सोडलेली बरी. बाहेरून दाब आला की मूल बोटं आपोआप आत ओढून घेतं आणि जागा आहे असं वाटतं. काळ्या शाळेच्या बुटांचं टोक तर इतकं कडक असतं की आत बोट कुठे आहे ते कळतच नाही.

पट्टीवर तारीख लिहून ती कपाटात ठेवा. शाळा सुरू होताना, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि फेब्रुवारीत असं वर्षातून तीनदा पाऊल पुन्हा मोजा. पहिली-दुसरीतल्या मुलांचं दर तीन महिन्यांनी.

दुकानात काय बघायचं

लांबी जमली की रुंदी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या पावलांची मापं घेतली, तेव्हा भारतीय पावलं युरोप-अमेरिकेतल्या पावलांपेक्षा पुढून रुंद आढळली. आपल्या दुकानांतले बूट मात्र अजून त्यांच्याच साच्यांवर बेतलेले असतात. म्हणून लांबीला बरोबर बसणारा बूट चवड्यावर आवळतो आणि पालक मोठा नंबर घेतात. हा उपाय चुकीचा आहे, कारण मोठ्या नंबरात बूट जिथे वाकतो ती जागा पुढे सरकते आणि पावलाच्या वाकण्याशी जुळत नाही. त्याच नंबरात रुंद टोकाचा दुसरा नमुना मागा.

रुंदी तपासायची सोपी रीत म्हणजे लेस बांधल्यावर छिद्रांच्या दोन रांगांमधलं अंतर बघणं. बोटभर अंतर आणि रांगा समांतर असतील तर ठीक. रांगा एकमेकींना चिकटल्या तर बूट रुंद पडतोय. अंतर दोन बोटांपेक्षा जास्त उरलं तर अरुंद. कागदावर पावलाची आकृती काढली असेल तर बुटाचा पातावा, म्हणजे आतला सुटा मऊ तळ, बाहेर काढून तिच्यावर ठेवा. पातावा सगळीकडून आकृतीच्या आत राहत असेल तर तो बूट परत करा.

मग बूट हातात घेऊन वाकवा. तो बोटांच्या मुळाशी, म्हणजे पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकला पाहिजे. अगदी मधोमध वाकणारा बूट पावलाच्या कमानीखाली आधार देत नाही. वाकतच नसेल तर मूल पाय आपटत चालतं आणि पोटऱ्या दुखतात. टाचेचा मागचा भाग दोन बोटांनी दाबा. तो टणक हवा, चेपला जाता कामा नये. त्याची वरची कड मात्र मऊ, गादीची हवी, नाहीतर पहिल्या आठवड्यातच फोड येतो. टाचेची उंची दोन सेंटिमीटरच्या आत असावी. पहिली ते चौथीच्या मुलांना वेल्क्रोचे बूट चांगले, कारण लेस सुटून पाय अडकण्याचा धोका नाही आणि मधल्या सुट्टीत पट्टा पुन्हा घट्ट करता येतो. बिनलेसचे, नुसते पाय सरकवायचे बूट रोजच्या शाळेला घेऊ नयेत. ते पायात राहण्यासाठी मुळातच घट्ट असावे लागतात, किंवा मग बोटं आवळून चालावं लागतं.

स्वस्त काळ्या बुटांचा सोल बहुधा पीव्हीसीचा असतो. तो झिजत नाही म्हणून दुकानदार कौतुक करतो, पण तो जड असतो आणि ओल्या शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर घसरतो. रबराचा सोल जड असला तरी पकड चांगली देतो. ईव्हीएचा, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकचा, सोल हलका आणि मऊ, पण वर्षभराच्या दणक्याने चेपतो. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, सोल आरामदायी असतो, मात्र दमट हवेत न वापरता पडून राहिला तर आतून कुजतो आणि एक दिवस चालता चालता त्याचा भुगा होतो. थोरल्याचे दोन वर्षं माळ्यावर ठेवलेले बूट धाकट्याला देताना हे लक्षात असू द्या. वरचा भाग रेग्झिनचा असेल तर घाम आतच कोंडतो. चामडं किंवा कॅनव्हास पायाला सुखाचं. आठवड्यात पीटीचे तास कमी असतील तर पांढरे कॅनव्हास थोडे स्वस्त चालतील, पण रोजच्या बुटावर कंजुषी करू नका. तो दिवसाचे सहा-सात तास पायात असतो.

बूट घालून मुलाला दुकानात पाच मिनिटं चालवा, दोन-चार उड्या मारायला लावा, पायऱ्या असतील तर चढवून उतरवा. उतरताना बोटं टोकाला आपटली किंवा चढताना टाच वर निघाली तर तो बूट नको. "घालून घालून सैल होईल" हे मुलांच्या बुटाला लागू करू नये. पहिल्या दिवशी लागणारा बूट मुळात त्या पावलाचा नसतो.

मोजे

मोज्यांकडे कोणी बघत नाही, पण आखूड मोजा आखूड बुटाइतकाच त्रास देतो. मोज्याची टाच बरोबर पावलाच्या टाचेवर बसली पाहिजे. ती तळव्याखाली ओढली जात असेल तर मोजा लहान झाला. कापूस जास्त आणि ताण येण्यापुरता नायलॉन-स्पँडेक्स असलेलं मिश्रण सर्वांत बरं. नुसत्या नायलॉनमध्ये घाम जिरत नाही. मोजा उलटा करून बोटांवरची शिवण बघा, जाड शिवण करंगळीला घासते. पावसाळ्यात किमान पाच जोड्या हव्यात. कालचा मोजा आज पुन्हा, असं कधीच नको.

पावसाळा

आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण हीच, की शाळा पावसाबरोबर सुरू होते. भिजलेल्या बंद बुटात पाच-सहा तास राहिलेली कातडी पांढरी, सुरकुतलेली होते, बोटांच्या बेचक्यांत ओल साठते आणि चिखल्या होतात. ओल्या कातडीला भेगा पडतात, तिथे बुरशी आणि जंतू दोन्ही शिरतात. कोकण, मुंबई, घाटमाथा, अशा सतत पावसाच्या भागांत जून ते सप्टेंबर टाचेला पट्टा असलेले, पाणी निथळून जाणारे सँडल हेच शहाणपणाचं पायताण. बऱ्याच शाळा पावसाळ्यात सँडलला परवानगी देतात. देत नसतील तर पालकसभेत हा विषय काढा. अंगठ्याची रबरी स्लिपर नको. ओल्यात ती घसरते, चिखल पाठीपर्यंत उडवते, आणि बाभळीचा काटा तिच्यातून आरपार जातो.

बूट घालावेच लागत असतील तर दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे मोजे आणि जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा द्या. शाळेत पोचल्यावर पाय पुसून मोजे बदलायचे. ज्या शाळांत बूट वर्गाबाहेर काढतात, तिथे ते व्हरांड्यात आतल्या बाजूला, भिंतीला टेकवून उभे ठेवायची सवय लावा, म्हणजे झडीचं पाणी आत जात नाही.

घरी आल्यावर लेस पूर्ण सैल करा, पातावा बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. तासाभराने ते बदला, मग रात्रभर दुसरे. बूट पंख्याखाली आडवे ठेवा. गॅसजवळ, इस्त्रीने किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका. उष्णतेने पेस्टिंग सुटतं आणि सोल उघडतो, चामडं असेल तर तडकतं. आतून पूर्ण वाळायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून शक्य असेल तर दोन जोड्या आलटूनपालटून वापरा. एकच जोडी रोज वापरण्यापेक्षा दोन जोड्या एकूण जास्त दिवस टिकतात.

साचलेल्या किंवा पुराच्या पाण्यातून मूल आलं असेल तर पाय साबणाने धुवून लगेच जखमा शोधा. पायाला चीर, खरचटलेलं, फुटलेला फोड असताना अशा पाण्यात चाललं की लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जंतूंच्या तापाचा, धोका असतो. ताप येण्याची वाट न बघता एक ते तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. औषध वयानुसार बदलतं, मनाने देऊ नका. खेडेगावात बूट घालण्यापूर्वी उलटे करून झटकायला शिकवा. पावसात विंचू कोरडी जागा शोधत बुटातच येऊन बसतात.

रोजची पाच मिनिटं

संध्याकाळी पाय साबणाने धुवून प्रत्येक बेचकं वेगळं करून कोरडं करायचं. दहा वर्षांच्या मुलाला सांगितलं तरी तो बोटांच्या मध्ये पुसत नाही, म्हणून अधूनमधून स्वतः बघा. नखं आठवड्या-दोन आठवड्यांनी आंघोळीनंतर कापा, सरळ रेषेत, पांढरी कड थोडी ठेवून. कोपरे गोलाईत खोल कापले की नखाची कड वाढताना मांसात घुसते. अंगठ्याची बाजू लाल होऊन सुजली, पू दिसला, तर टोकरत बसू नका, डॉक्टरकडे न्या.

चिखल्या झाल्या तर क्लोट्रिमॅझोलसारखं साधं बुरशीविरोधी मलम डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारून दिवसातून दोनदा लावा. कातडी बरी दिसू लागली की लोक थांबतात आणि बुरशी पुन्हा उफाळते. बरी दिसल्यावरही एक-दोन आठवडे चालू ठेवा. एका गोष्टीत मात्र कडक राहा. मेडिकलमध्ये "सगळ्यावर चालतं" म्हणून मिळणाऱ्या मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने खाज लगेच थांबते, पण बुरशी दबून पसरते आणि पुढे बरी व्हायला महिने लागतात. मेंदी लावण्याची रीत घरोघरी आहे. तिच्या रंगाखाली लाली झाकली जाते आणि आजार वाढतोय की बरा होतोय तेच समजत नाही.

तळव्यावरचा कठीण ठिपका हे दरवेळी कुरूप नसतं. मुलांत तो बऱ्याचदा विषाणूचा चामखीळ असतो. वरून दाबण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखलं आणि आत बारीक काळे ठिपके दिसले, तर चामखीळ समजा. कॉर्न कॅप चिकटवू नका, तिच्यातलं आम्ल आजूबाजूची चांगली कातडी जाळतं. काटा, खिळा लागला तर लसीकरणाचं कार्ड काढा. राष्ट्रीय वेळापत्रकात पाच-सहा वर्षांच्या वयात, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वातविरोधी मात्रा आहे. ती चुकली असेल तर डॉक्टरांना सांगा.

सपाट तळवे

पालकांची सर्वांत मोठी काळजी ही, आणि बहुतेक वेळा ती विनाकारण असते. लहान मुलांच्या पावलात चरबीची गादी असते, सांधे लवचीक असतात, म्हणून साधारण सहा वर्षांपर्यंत तळवा सपाट दिसतोच. नंतरही दिसला तर मुलाला चवड्यांवर उभं करा आणि मागून बघा. कमान वर आली, टाचा आतल्या बाजूला वळल्या, की पाऊल लवचीक आहे. दुखत नसेल तर त्याला बूट, पट्टा, महागडा पातावा यातलं काही लागत नाही. कमान येतच नसेल, पाऊल ताठ असेल किंवा चालल्यावर दुखत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

मणिपालच्या डॉक्टरांनी ४ ते १३ वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले. पायताण वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी राहणाऱ्यांत २.८ टक्के. त्यातही सँडल-चपला वापरणाऱ्यांपेक्षा बंद बूट वापरणाऱ्यांत प्रमाण जास्त होतं. म्हणून शाळेतून आल्यावर बूट काढू द्या. घरात, अंगणात, स्वच्छ मातीवर अनवाणी खेळू द्या, बोटांनी गोट्या उचलायला लावा. पायाचे स्नायू त्यानेच बळकट होतात. उघड्यावर शौच होत असेल अशी जागा, भर दुपारचा डांबरी रस्ता आणि बांधकामाची जागा मात्र वर्ज्य. पहिल्या जागी तळव्यातून अंकुश कृमी शिरतात, दुसऱ्या जागी कातडी भाजते.

आठ ते तेरा वर्षांच्या, भरपूर खेळणाऱ्या मुलांची टाच दुखणं नेहमीचं आहे. टाचेच्या हाडाच्या मागच्या वाढत्या भागावर ताण आलेला असतो. टाच दोन्ही बाजूंनी दाबली की मूल ओरडतं. काही आठवडे पळणं-उड्या कमी, बुटात मऊ टाचपट्टी आणि पोटऱ्यांना ताण देणारा व्यायाम, एवढ्याने बहुतेक मुलं बरी होतात. टाच खूप सपाट असलेले फुटबॉलचे स्टड त्या काळात बाजूला ठेवा.

वाट न बघता दाखवावं अशा गोष्टी वेगळ्या आहेत. एकाच पायाचं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. आठवड्याहून जास्त लंगडणं. सूज आणि ताप. पूर्वी नसलेली फार उंच कमान आणि वारंवार अडखळणं. कातडीवर फिकट किंवा तांबूस बधिर चट्टा, किंवा न दुखणारी जखम. शेवटचं लक्षण कुष्ठरोगाचं असू शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची तपासणी आणि पूर्ण औषधोपचार मोफत आहेत, आणि वेळेत सुरू केले तर पाय वाचतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्या दिवशी मुलाला बूट-मोजे काढून पाय दाखवायला सांगा.

जुना बूट काय सांगतो

महिन्यातून एकदा बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाचेची बाहेरची कड थोडी झिजणं स्वाभाविक आहे. आतली कड जास्त झिजली, मागचा भाग आत कलला, तर बूट सैल आहे किंवा पाऊल आत झुकतंय. टोक झिजलं असेल तर मूल चवड्यावर चालतं की मोठ्या बुटामुळे पाय घासतं ते बघा. दोन बुटांची झीज अगदी वेगळी असेल तर पायांच्या लांबीत फरक आहे का, हे तपासून घ्या. भावंडाचा बूट द्यायला हरकत नाही, पण टाच सरळ उभी असेल, सोल एकसारखा झिजलेला असेल आणि पट्टी नीट बसत असेल तरच. पातावा नवा घाला, कारण जुन्यात थोरल्याच्या बोटांचे खड्डे असतात.

शाळेने एकत्र बूट घेताना

राज्य शासनाने २०२३ मध्ये शासकीय शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या मोजे देण्याचा निर्णय घेतला. अशा खरेदीत इयत्तेवरून अंदाजे नंबर ठरवण्याची चूक होते. एकाच वर्गात पावलांत तीन-चार नंबरांचा फरक सहज असतो. व्हरांड्यात भिंतीपासून फरशीवर १५० ते २६० मिलिमीटरपर्यंतच्या रेघा खडूने आखा, मुलांना ओळीने टाच भिंतीला टेकवून उभं करा, एका शिक्षकाने वाचावं आणि दुसऱ्याने लिहावं. तासाभरात वर्ग मोजून होतो. मागणी नोंदवताना नंबरांबरोबर आतली लांबी मिलिमीटरमध्ये लिहा, आणि माप न बसल्यास बदलून देण्याची अट पुरवठादाराकडून आधीच लेखी घ्या. मापं घेतल्यावर बूट हातात पडायला दोन महिन्यांहून जास्त लागणार असतील, तर प्रत्येक मापात आणखी दोन मिलिमीटर धरा.